पाचशे बिनबिस्किटी सह्या

काही माणसं नव्या जागी शिरल्यावर पडदे बघतात, काही फरशी बघतात, काही यजमानांचं तोंड बघतात. ती दारं मोजायची. सिनेमागृह असो, दवाखाना असो, नाहीतर मैत्रिणीचं दोन खोल्यांचं घर असो. छोटीचा हात घट्ट धरून आधी बाहेर पडायला वाटा किती ते बघायचं आणि मगच टेकायचं. छोटी झाल्यापासून, म्हणजे गेली चार वर्षं हे असंच चाललं होतं. नवऱ्याने तिचं नाव 'काळजीवाहू सरकार' ठेवलं. पुढे त्यातलं सरकार गळून पडलं, कारण घरातलं सरकार सासूबाई होत्या आणि त्या पूर्ण बहुमतातल्या होत्या. नुसती काळजीवाहू तेवढी उरली.

तर ही काळजीवाहू एकदा छोटीच्या बालवाडीत पालकसभेला गेली. बाकीचे पालक बाईंचं बोलणं ऐकत होते. ती भिंतीवर चौकटीत लावलेला दाखला वाचत होती. अग्निसुरक्षा तपासणी. बाहेर पडण्याची दारे: दोन. तिने मान वळवून मोजली. एक. पुन्हा मोजली. उठून कपाटामागे डोकावली, पाणी प्यायच्या निमित्ताने मोरीपर्यंत जाऊन आली. एकच. आणि त्या एकाच्याही तोंडाशी चौतीस मुलांच्या बुटांचं कपाट.

सभा संपल्यावर तिने मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं.

"बाई, दुसरं दार कुठाय हो?"

"कागदावर आहे ना."

"पण भिंतीत नाहीये."

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे बघा, तपासनीस आले तेव्हा त्यांनाही एकच दिसत होतं. मग संस्थेच्या सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं. पाच मिनिटांनी बाहेर आले, तेव्हा दोन दिसायला लागली होती."

काळजीवाहूने रीतसर तक्रार केली. एकवीस दिवसांनी अग्निसुरक्षा कार्यालयाचं उत्तर आलं. 'सोबत जोडलेल्या दाखल्यावरून सदर शाळेस दोन दारे असल्याचे सिद्ध होते.' सोबत तोच दाखला जोडलेला होता. नवरा म्हणाला, "एवढं काय त्यात? शाळा बदलू या." ती म्हणाली, "आणि बाकीची तेहतीस?"

पुढचं सगळं एका निळ्या हत्तीमुळे घडलं. छोटी रंगवायला बसली होती, म्हणून काळजीवाहूने खाली जुना पेपर पसरला. हत्तीच्या पोटाखाली एक सरकारी निवेदन होतं. लाचखोरीविरुद्धचं नवं विधेयक नऊ वर्षं एका समितीपुढे पडून होतं. ते सभागृहात आणायचं की बासनात गुंडाळायचं, हे ठरवण्याआधी समितीने लोकांचं म्हणणं मागवलं होतं. ज्या वॉर्डातून पाचशे रहिवाशांच्या सह्यांचं निवेदन येईल, त्याला समितीसमोर बोलायला दहा मिनिटं मिळणार होती. त्याखाली बारीक टायपात कलमं होती. कलम अकरा वाचताना तिच्या हातातलं रंगाचं पाणी हिंदकळलं. सुरक्षेचा खोटा दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी जाईल, आणि कोणाही पालकाने अर्ज केला तर पंधरा दिवसांच्या आत दुसऱ्या अधिकाऱ्याकडून फेरतपासणी होईल.

"छोटे, हात उचल! हत्ती थांबव!"

पण हत्तीचा पाय तारखेवर पडलाच. नखाने रंग खरवडला तेव्हा महिन्याचा शेवटचा शुक्रवार, संध्याकाळी पाच, एवढं हाती लागलं. दहा दिवस होते.

कोणत्याही सरकारी कागदाला हात लावण्याआधी इमारतीत एकाच माणसाकडे जायचं असतं, ते म्हणजे तळमजल्यावरचे मसुदाकाका. पस्तीस वर्षं त्यांनी एका खात्यात पत्रांचे मसुदे केले होते. निवृत्त झाले तरी 'पाऊस पडतोय' एवढं साधं वाक्य त्यांच्या तोंडून यायचं नाही, 'पर्जन्यवृष्टी होत असल्याचे निदर्शनास येते' असंच यायचं. काळजीवाहूचं म्हणणं ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते बघून काकू लगबगीने त्यांचं औषध शोधायला गेल्या. त्याच संध्याकाळी त्यांच्या बैठकीच्या खोलीत सभा भरली.

कायदा हवा, यावर दुमत नव्हतं. इतकं एकमत त्या इमारतीत पाण्याच्या टाकीवरूनही कधी झालं नव्हतं.

"हवाच!" इमारतीचे चेअरमन म्हणाले. "कडक हवा. फक्त ती गच्चीवरची खोली आहे ना माझी, तिचं काय ते आधी मिटू दे. मागच्या प्रकरणांना लागू नको."

"फाशीच द्यायला पाहिजे एकेकाला," वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या. "पण आमच्या भावाच्या बदलीसाठी अजून एकदाच द्यायचेत. पुढच्या महिन्यापासून कायदा केला तर नाही का चालणार?"

मसुदाकाकांनी प्रत्येकाची सूचना उपकलम म्हणून टिपून घेतली. मसुदा अकरा पानी झाला. शेवटचं पान वाचून झाल्यावर असं निदर्शनास आलं, की त्या कायद्यातून इमारतीतला प्रत्येक जण सुटत होता आणि सापडण्यासारखा फक्त बाहेरचा वॉचमन उरला होता.

काळजीवाहूने घरी येऊन स्वतःच चार ओळी लिहिल्या. आमच्या वॉर्डातल्या शाळांना कागदावर आहेत तेवढी दारं भिंतीत हवीत. त्यासाठी हा कायदा करा. नऊ वर्षं झाली, आता पुरे. खाली आमच्या सह्या.

मसुदाकाकांनी त्या ओळी चष्मा लावून आणि काढून अशा दोन्ही प्रकारे वाचल्या. "याला विषय नाही, संदर्भ नाही, महोदयसुद्धा नाही. हे निवेदन आहे की गाणं?" मग कागदाची नीट घडी घालत म्हणाले, "फायलीचं मात्र माझ्याकडे सोपवा. फाईल नसेल तर सरकारात कागद टिकत नाही." त्यांचा मान राखायचा म्हणून ती हो म्हणाली. या 'हो'ची किंमत पुढे कळायची होती.

सह्या गोळा करणं हे काम काळजीवाहूच्या स्वभावाला बिलकुल मानवणारं नव्हतं. समोरच्याला संपूर्ण सावध केल्याशिवाय तिला पेन पुढे करवत नसे. "सही करा हं, पण आधी वाचून घ्या. यातून तुम्हाला काही त्रास होईल असं मला वाटत नाही. पण होणारच नाही असंही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घरात विचारून करता का?" एवढं ऐकल्यावर सही करायला आलेला माणूस दाराची कडी लावून घ्यायचा. एका घरात आजोबा सोडून सहा मतदार होते. सहाही जण म्हणाले, आजोबांना विचारून सांगतो. आजोबा झोपले होते. ती तीनदा गेली, आजोबा तिन्हीदा झोपलेले. शेवटी आजोबा आहेत ना नक्की, अशी वेगळीच काळजी लागून ती परत आली. एका गृहस्थांनी निवेदन वाचलं, मान डोलावली आणि विचारलं, "बरं, मला यात काय मिळणार?"

नवऱ्याने केशकर्तनालयात खुर्चीत अडकलेल्यांच्या सह्या मिळवल्या, मसुदाकाकांनी बागेतल्या बाकावरच्या निवृत्तांच्या. सगळं मिळून सोमवारपर्यंत एकशे चौऱ्याऐंशी. काळजीवाहूला जेवण जाईना. छोटीला शाळेत सोडून ती त्या एका दाराकडे बघत फाटकाशी उभी राहायची, घंटा होईपर्यंत.

मंगळवारी सकाळी सासूबाईंनी कोरे कागद उचलले. "आण इकडे. तुझ्याच्याने नाही व्हायचं. तू सही मागतेस की धमकी देतेस, तेच कळत नाही माणसाला. मी जरा चक्कर मारून येते."

चक्कर मारून आल्या त्या एकशे नऊ सह्या घेऊन. बुधवारी एकशे वीस. गुरुवारी दुपारी पाय चेपत खुर्चीत बसल्या आणि कागद टेबलावर टाकत म्हणाल्या, "एकशे अठरा. मोज हवं तर."

मोजल्या. सासूबाईंच्या तीनशे सत्तेचाळीस, आधीच्या धरून पाचशे एकतीस! घरात नुसता जल्लोष झाला. नवऱ्याने छोटीला खांद्यावर घेऊन खोलीभर फिरवलं, काळजीवाहूने सासूबाईंना मिठी मारली. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यामुळे हात नेमके कुठे ठेवायचे, हे दोघींनाही कळलं नाही. गेले तीन दिवस ओव्हन सकाळी सहापासून तापतोय, मैद्याचा डबा खडखडीत झालाय, घरभर लोण्याचा वास दरवळतोय, यातलं काहीही काळजीवाहूच्या लक्षात आलं नव्हतं. भिंतीत नसलेलं दार जिला लांबून दिसतं, तिला स्वतःच्या ओट्यावरचे बिस्किटांचे ट्रे दिसले नाहीत.

संध्याकाळी बेल वाजली. दारात कोपऱ्यावरचे टेलर उभे होते, गळ्यात टेप तसाच.

"वहिनी, राग मानू नका, पण आमच्यावर अन्याय झालाय."

"कसला हो?"

"मी मंगळवारी सही केली. मावशींनी मला एक बिस्कीट दिलं. शेजारच्या इस्त्रीवाल्याने बुधवारी केली, त्याला दोन. वर त्याला म्हणाल्या, घरचे सगळे पडदे तुलाच. मला नुसतीच ब्लाउजं. मी काय म्हणतो, सही ती सही. भाव एकच पाहिजे."

काळजीवाहू वळली. सासूबाई खिडकीबाहेर अतिशय रस घेऊन बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आई, तुम्ही बिस्किटं देऊन सह्या घेतल्यात?"

"घेतल्या नाहीत. लोकांनी केल्या. मी आपलं हातावर काहीतरी ठेवलं."

"सगळ्यांना?"

"मधुमेहवाल्यांना नाही दिली. त्यांना म्हटलं, तुमच्या मुलीसाठी स्थळ बघते."

मसुदाकाकांना वर बोलावलं. त्यांनी विधेयकाची प्रत उघडली आणि पस्तीस वर्षांत न मिळालेल्या सुखाने वाचली. "कलम चार. कोणतीही वस्तू, खाद्यपदार्थ, सेवा अथवा आश्वासन. आता बघा, बिस्कीट हा झाला खाद्यपदार्थ. पडदे, ब्लाउज आणि स्थळ ही झाली आश्वासने. 'खाद्यपदार्थ' हा शब्द मुद्दाम घातलेला आहे."

"म्हणजे मी लाच दिली?" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "मी? या घरातून कधी कोणाला कोरड्या तोंडाने जाऊ दिलं नाही मी, आणि तू माझ्या पाहुणचाराला लाच म्हणतेस?"

"आई, पाहुणा आपल्या घरी येतो. तुम्ही लोकांच्या घरी गेलात, त्यांच्याच दारात त्यांना बिस्कीट दिलंत आणि पेन पुढे केलंत."

"चूक. आधी पेन. बिस्कीट नंतर."

"ते तर जास्तच वाईट!"

"नाही, तसं नाही," मसुदाकाका म्हणाले, "कलम चारप्रमाणे आधी आणि नंतर, दोन्ही समान."

नवऱ्याने सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग घरातला समजूतदार माणूस आपणच, अशा आवाजात म्हणाला, "अगं, पण कुणाला कळणार आहे? कागदावर पाचशे एकतीस आहेत ना?"

टेलर टेपशी चाळा करायचे थांबले.

"कागदावर दारंही दोनच आहेत," काळजीवाहू म्हणाली.

तिने पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि टेबलाशी बसून सासूबाईंच्या तीनशे सत्तेचाळीस सह्यांवर एकेक रेघ मारली. पट्टी सारखी घसरत होती, रेघा सरळ येईनात. छोटीला वाटलं आईला मदत हवीय. ती रंगीत खडू घेऊन आली आणि शेवटच्या दोन पानांवर तिनेही मन लावून रेघा ओढल्या. सासूबाई आपल्या खोलीत निघून गेल्या. त्या घरात सासूबाई बोलत नाहीत म्हणजे काय, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. फ्रीजचा आवाज एवढा मोठा असतो, हे त्या संध्याकाळी सगळ्यांना पहिल्यांदाच समजलं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला काळजीवाहू छोटीची वेणी घालत होती. तीनशे सोळा सह्या कमी होत्या आणि साडेनऊ तास उरले होते. सासूबाई बाहेर जायच्या चपला घालून समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात कोरे कागद. डबा नाही, पिशवी नाही, काही नाही.

"पेन दे. चालणारं दे."

"कुठे निघालात?"

"ज्या दारांत गेले होते तिथेच. चल, पोरीलाही घे. आज मी बोलते, तू फक्त गप्प राहा. सावध करायचं नाही कुणाला."

पहिलंच दार टेलरांचं.

"मागची सही खोडलीय," सासूबाई म्हणाल्या. प्रत्येक शब्द तोंडातून काढायला जड जात होता. "हिने खोडली. माझ्या सुनेने. बिस्किटावर केलेली सही चालत नाही, म्हणते. आज बिस्कीट नाही. ब्लाउजंही तुमच्याकडेच येतील असं काही नाही. मनात असेल तर करा."

टेलरांनी पेन घेतलं. "मी तेव्हाही बिस्किटासाठी नव्हती केली, मावशी. माझी नात त्याच शाळेत आहे." सही करून झाल्यावर जरा थांबून म्हणाले, "आणि तसंही ते कडक होतं."

सुनेने सह्या खोडल्या तेव्हा लागलं नसेल एवढं सासूबाईंना हे लागलं. पण त्या पुढच्या दाराशी गेल्या. आणि तिथून पुढे एक चमत्कार घडायला लागला. या दोघी पोचायच्या आत बातमी पोचलेली असायची. सुनेने सासूच्या सह्या खोडल्या! लाल पेनाने! तीनशे सत्तेचाळीस! विधेयकात कुणाला रस असो नसो, या बातमीत रस नाही असा एकही माणूस त्या वॉर्डात नव्हता. लोक जिन्यात येऊन थांबले. गॅलऱ्या भरल्या. "हीच का ती?" "दिसते तर अगदी गरीब!" असं म्हणत बायका बघायला आल्या आणि बघता बघता सही करून गेल्या. काहींनी दार उघडलं नाही, एकीने तर बिस्किटाशिवाय सही करायला आमचा वेळ काय फुकटचा आहे का, असं तोंडावर विचारलं. पण एक तरुण बाई आपण होऊन खाली उतरून आली. "त्या दिवशी मी नाही केली. डबा घेऊन आलात, मला वाटलं तुम्ही बिस्किटं विकताय. आणा, आज करते." आणि ते सुप्रसिद्ध आजोबा! ते जागे होते. त्यांनी सही केली, मागोमाग बाकीच्या सहांनी.

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पाचशे तीन झाल्या. सासूबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला होता. त्या पाय फरफटवत होत्या, पण बोलताना एकदाही धाप लागली नाही. काळजीवाहूने खाली बसून आपला रुमाल त्या चपलेला बांधला. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि हसलो हे लक्षात येताच गंभीर झाल्या.

मसुदाकाका फाईल घेऊन इमारतीच्या दाराशी सज्ज होते. त्यांनी कागद एकत्र केले, कडा जुळवल्या, पंचिंग मशीनने भोकं पाडली, दोरी ओवली, गाठ मारली. इतक्या प्रेमाने त्यांनी काकूंना गजराही कधी दिला नसेल. मग नवऱ्यासकट सगळे रिक्षात कोंबले गेले.

वॉर्ड कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीसमोर परवाने, दाखले आणि नकाशे घेतलेली दहाबारा माणसं उभी होती. निवेदनाची मुदत पाचची म्हणून त्यांनी पुढे जाऊ दिलं. खिडकीतल्या कारकुनाने बोट ओल्या स्पंजावर टेकवलं आणि पहिलं पान उलटलं. स्पंज, पान. स्पंज, पान. भिंतीवरचं घड्याळ पावणेपाचपाशी आलं.

"पाच बाद," कारकून म्हणाला.

"का?" काळजीवाहूने विचारलं.

"घर क्रमांक नाही. घर क्रमांकाच्या जागी भोक आहे."

पाच जणांनी घर क्रमांक समासात लिहिला होता. मसुदाकाकांच्या मशीनने तो बरोब्बर टिपला होता. मसुदाकाका भिंतीला टेकले. इतकं लहान झालेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"चारशे अठ्ठ्याण्णव. दोन कमी." कारकुनाने फाईल बंद केली, पण परत दिली नाही. तिच्यावर हात ठेवला आणि आवाज उतरवला. "तसं बघितलं तर भोकं म्हणजे काय, दिसली तर दिसली. नाही दिसली असंही होऊ शकतं. साहेब, तुम्ही जरा बाजूला येता का?"

काळजीवाहूने पाहिलं, नवऱ्याचा हात खिशाकडे निघाला होता. बिचाऱ्या नवऱ्याला पत्ताच नव्हता. हात आपला आपण निघाला होता, सवयीने. तिने तो मधेच पकडला.

"नाही," ती म्हणाली. म्हणायचं होतं हळू, पण शब्द असा मोठ्याने निघाला की छोटीने दचकून वर पाहिलं. मग ती रांगेकडे वळली. आयुष्यात कधी चार माणसांपुढे उभी न राहिलेली काळजीवाहू एकेका चेहऱ्याकडे बघत म्हणाली, "सात नंबर वॉर्डातलं कोणी आहे का इथे? दोन सह्या हव्यात. लाच बंद करायच्या कायद्यासाठी. माझ्या मुलीच्या शाळेला एकच दार आहे आणि मुलं चौतीस आहेत."

रांगेतल्या सगळ्यांनी आपापले कागद वाचायला घेतले. खिडकीच्या आत ज्याची फाईल अडकलीय तो त्याच खिडकीसमोर असल्या कागदावर सही कसा करणार? काळजीवाहूला त्यांचा राग आला नाही. या रांगेत ती असती तर तिनेही छोटीचा हात धरून जमिनीकडेच पाहिलं असतं. चार वाजून एकावन्न.

"माझा परवाना चार महिने इथे पडलाय," कोणीतरी म्हणालं. रांगेत मागे एक बेकरीवाला होता, भुवयांवर पीठ तसंच. तो स्वतःशी बोलल्यासारखा, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "सही केली तर फाईल गेलीच समजायची." कारकून त्याच्याकडे रोखून बघत होता. बेकरीवाल्याने त्याच्याकडे पाहिलं, काळजीवाहूकडे पाहिलं, छोटीकडे पाहिलं. "आणि नाही केली म्हणून कुठे येतेय? द्या पेन. सात नंबर."

चारशे नव्याण्णव! कुणीतरी टाळी वाजवली आणि घाबरून थांबवली.

"एक कमी," कारकून म्हणाला. चार छप्पन.

तेवढ्यात आतल्या बाजूने खुर्ची सरकल्याचा आवाज आला. शेजारच्या, चार नंबरच्या खिडकीतल्या बाई उठल्या. संध्याकाळी घरी जायची पर्स खांद्याला लावलेली होती. त्या आपल्या दाराने बाहेर आल्या, वळसा घालून रांगेच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि कागद ओढून घेतला.

"तुम्ही?" कारकुनाचा स्पंज हातातच राहिला. "अहो, तुम्ही स्टाफ आहात."

"स्टाफ पाचपर्यंत. रहिवासी चोवीस तास." त्यांनी सही केली आणि घर क्रमांक समास सोडून ठळक लिहिला. "पत्त्याचा पुरावा हवा? माझ्या डोक्यावर तर तुम्हीच राहता. रोज सकाळी तुमची बादली ऐकते."

पाचशे!

"शिक्क्याची शाई वाळलीय," कारकून अगदी क्षीण आवाजात म्हणाला. बाईंनी खिडकीतून हात घालून आपलं स्टॅम्पपॅड त्याच्यापुढे सारलं. चार अठ्ठावन्न. ठप्प!

आवक क्रमांक एक. अख्ख्या शहरातून, अकरा वॉर्डांतून पहिलं निवेदन! मसुदाकाका भिंतीपासून सुटे झाले आणि रडायलाच लागले. नवऱ्याने आपला तो आगाऊ हात पाठीमागे धरून ठेवला होता. काळजीवाहूने शिक्का मारलेली पोच दोनदा वाचली, मग कागद उलटा करून मागेही काही लिहिलंय का ते बघितलं. सुनावणी मंगळवारी अकरा वाजता. वेळ दहा मिनिटे. सोबत येणाऱ्यांच्या संख्येवर बंधन नाही. ते शेवटचं वाक्य तिने मोठ्याने वाचलं आणि रांगेतली जी माणसं मघाशी आपापले कागद वाचत होती, ती तिच्याभोवती गोळा झाली. आम्ही येतो, आम्ही पण येतो, माझ्या नकाशाचं सांगू का, माझ्या नळाचं सांगू का.

"मी तर येणारच!" बेकरीवाला उत्साहाने म्हणाला. भुवयांवरचं पीठ उडालं. "आणि रिकाम्या हाताने नाही येणार, ताई. समितीतल्या प्रत्येक साहेबाला लोण्याच्या बिस्किटांचा एकेक डबा आणतो. बघा मग कसा पास होत नाही कायदा!"

काळजीवाहूने डोळे मिटले. पण तिला काही बोलायची वेळच आली नाही. सासूबाई रुमाल बांधलेली चप्पल फरफटवत पुढे झाल्या होत्या. त्यांनी बेकरीवाल्याची बाही धरली आणि त्याला बाकावर आपल्या शेजारी बसवलं.

"बसा इथे. तुम्ही माणूस चांगले आहात, मनात काही नसतं, मला सगळं समजतं," सासूबाई म्हणाल्या. "पण कलम चार नीट ऐकून घ्या. 'खाद्यपदार्थ' हा शब्द मुद्दाम घातलाय."